माळ ओसाड आहे, हे कोणी मोजले?

दरवर्षी पहिल्या सत्रात आम्ही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक निबंध लिहायला देतो : ‘माझ्या परिसरातील निसर्ग’. ही मुले फलटण तालुक्यातून आणि माण-खटावच्या सीमेवरच्या गावांतून येतात. निबंध हाती येतात तेव्हा त्यांत कासचे पठार असते, महाबळेश्वर असते, ठोसेघरचा धबधबा असतो. ज्या माळावरून ही मुले रोज एस.टी.ने कॉलेजात येतात, तो माळ एका वाक्यात उरकलेला असतो. आणि त्या वाक्यात ‘ओसाड’, ‘उजाड’, ‘भकास’ यांपैकी एक विशेषण हमखास असते. काही वर्षांपूर्वी मेंढपाळाच्या घरातील एका विद्यार्थ्यानेही असेच लिहिले होते. पुढे बोलता बोलता तो सांगून गेला, की त्याच माळावर मेंढरांचा वाडा बसला की रात्रभर आळीपाळीने जागावे लागते. वाघर कितीही घट्ट बांधली तरी लांडग्याचा भरवसा नसतो. मग हे निबंधात का आले नाही, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, ‘‘सर, निसर्गावर लिहायचं होतं ना.’’

या उत्तराचा दोष आम्ही त्याच्याकडे देत नाही. तो आमच्याकडे, म्हणजे मराठीच्या अध्यापकांकडे येतो. ‘ओसाड’ हा शब्द त्याला आम्ही शिकवला. ‘ओसाड’चा अर्थ वस्ती नसलेले. माळावर वस्ती नाही हे कोणी, केव्हा, कशाने मोजले, हा प्रश्न आम्ही त्याला शिकवला नाही. माणसाने बदलून टाकलेल्या भूप्रदेशात वन्यप्राण्यांची मोजदाद कशी करावी, हा प्रश्न जीवशास्त्राचा म्हणून आपण सोडून देतो. आमचे म्हणणे असे, की या मोजणीतील पहिली चूक भाषेत होते, आणि ती दुरुस्त करण्याच्या कामातून मराठी विभागांना अंग काढून घेता येणार नाही.

प्रथम भूमीविषयी. निरेच्या उजव्या कालव्याने फलटण तालुक्याचे दोन भाग केले. भाटघरच्या धरणाबरोबर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कालव्याचे पाणी आले आणि उत्तरेकडचा पट्टा उसाचा झाला. दक्षिणेकडे, माणच्या डोंगररांगेच्या पायथ्याला, मुरमाड माळ राहिला. अलीकडच्या काळात धोम-बलकवडीचे पाणीही त्यातल्या काही भागात पोचू लागले आहे. ज्ञानेश्वरांची पालखी फलटणहून निघाली की तिचा पुढचा मुक्काम बरडला असतो. बरड म्हणजे खडकाळ, हलक्या पोताची जमीन. गावाला हे नाव ठेवणाऱ्यांनी जमिनीचा पोत नोंदवला; ती रिकामी आहे असे म्हटले नाही. कुरण, गायरान, पड, माळ, बरड यांतला प्रत्येक शब्द जमिनीच्या वेगळ्या उपयोगाचा किंवा वेगळ्या स्थितीचा आहे. महसुली भाषेने यांतले बरेच काही सातबाराच्या एका रकान्यात कोंबले : पोटखराबा. जे पिकत नाही ते खराब, हा त्यामागचा न्याय. सारा वसूल करणाऱ्या राज्याला तो सोयीचा होता. आश्चर्य असे, की सारा गेला, राज्य गेले, आणि न्याय राहिला. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालय आणि हैदराबादची राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था यांनी २००० सालापासून वेळोवेळी भारतातील पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध केले. उपग्रहाच्या चित्रावरून केलेले हे काम तंत्राच्या दृष्टीने काटेकोर आहे. पण खुरटी झुडपे असलेली आणि नसलेली मोकळी जमीन त्यात ‘पडीक’ या सदरात जाते. आपल्याकडच्या कितीतरी गवताळ माळांची नोंद अशा रीतीने होते.

शब्दाने काय बिघडते, असे कोणी विचारील. शब्दाने पुष्कळ बिघडते, कारण ‘पडीक’ म्हटल्यावर पुढचे वाक्य ‘तिचे काहीतरी केले पाहिजे’ हेच येते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास होते. त्यात गावे होती, शेते होती, रस्ते होते. पुढे ते बाराशे चौरस किलोमीटरांच्या घरात आणले गेले. गवतावर जगणाऱ्या या पक्ष्याच्या प्रदेशात, माळ हिरवा करण्याच्या सद्हेतूने, गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. माळढोकाला लांबवर दिसणारे मोकळे रान लागते. झाडे त्याच्या कामाची नाहीत. गेल्या काही वर्षांत तेथे एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते, यातच सर्व आले. आमच्या भागात पवनचक्क्या आल्या. २०२३ पासून शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठीच्या सौर योजनेत गायराने दिली जात आहेत. दिवसा वीज शेतकऱ्याला हवीच. रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला सापाची भीती असते आणि आता बिबट्याचीही. आमचा आक्षेप योजनेला नाही. जमीन देण्यापूर्वी तिच्यावर कोण राहते याची नोंद पाहिली जात नाही, आणि ती नोंद मुळात केलेलीच नसते, याला आक्षेप आहे.

आता मोजणीकडे येऊ. महाराष्ट्रात वन्यप्राण्यांची गणना म्हटले की सर्वांना बुद्धपौर्णिमा आठवते. वैशाखातल्या पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसायचे आणि पाण्यावर येणारे प्राणी मोजायचे. उन्हाळ्यात पाणी थोडे असते, म्हणून प्राणी तेथे येणारच, हे या पद्धतीचे गृहीतक. जंगलात ते काही अंशी खरे आहे. पण कालव्याच्या प्रदेशात काय? येथे पाटाचे पाणी आहे, शेततळी आहेत, ठिबकची गळकी नळी आहे, गुरांचे हौद आहेत. टंचाईवर उभी असलेली पद्धत बागायतीत लागू करणे म्हणजे सुकाळात रेशनच्या रांगेवरून गावाची लोकसंख्या काढण्यासारखे आहे. वनखाते स्वतःच आता अनेक ठिकाणी या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणते, हे प्रामाणिकपणाचे लक्षण होय. वर्तमानपत्रे मात्र दुसऱ्या दिवशी ‘अमुक इतके प्राणी आढळले’ असे आकडे छापतात, आणि पुढल्या वर्षी त्यांची वजाबाकी करून प्राणी घटले की वाढले ते सांगतात.

शिवाय ही मोजणी मुख्यतः अभयारण्यात होते. आमच्याजवळचे उदाहरण बारामती तालुक्यातील सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याचे. चिंकारा हरणांसाठी १९९७ साली झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. लांडग्यांच्या एका कळपाचा वावर शे-दोनशे चौरस किलोमीटरांत असू शकतो. त्याच्या दृष्टीने सुप्याचे अभयारण्य म्हणजे घराची ओसरी. ओसरीवर बसून ‘घरात कोणी नाही’ म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी आपली गणना आहे.

चुकीची मोजणी किती महाग पडते याचे उदाहरण राजस्थानातील सरिस्क्याचे आहे. पायाचे ठसे पाहून वाघ मोजण्याची पद्धत तेव्हा देशभर रूढ होती. सरिस्क्यात कागदावर पंधराहून अधिक वाघ दाखवले जात असताना, २००५ साली असे उघड झाले की तेथे एकही वाघ उरलेला नाही. त्यानंतर व्याघ्रकृती दल नेमले गेले आणि पद्धत बदलली. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात; स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रांवरून एक एक वाघ ओळखता येतो. २००६ च्या पाहणीतून देशात १४११ वाघ असल्याचा अंदाज आला. आधीच्या आकड्यांहून तो खूप लहान होता, पण त्याची चूक किती असू शकेल हे तोच आकडा सांगत होता. आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचा खरा धडा हा आहे.

हीच पद्धत माणसांच्या वस्तीत वापरता येते का? विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात ती वापरली. त्यांच्या अभ्यासाच्या क्षेत्रात अभयारण्य नाही. ऊस आहे, वस्त्या आहेत, आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी पाचच्या जवळपास प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसे निघाली. ज्या प्रदेशाला आपण ‘जंगल नाही’ म्हणून मोकळे होतो, त्या प्रदेशातला हा आकडा आहे.

लांडग्याचे मात्र अवघड आहे. बिबट्याला ठिपके असतात, तरसाला पट्टे असतात. लांडग्याच्या अंगावर असे काही नाही. एका छायाचित्रातला लांडगा आणि दुसऱ्यातला लांडगा एकच की दोन, हे सांगता येत नाही. म्हणून अभ्यासकांनी प्रश्नच बदलला. ‘किती आहेत’ हे विचारण्याऐवजी ते ‘कोठे कोठे आहेत’ असे विचारतात. प्रदेशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात अनेकदा जायचे, आणि प्रत्येक वेळी खूण मिळाली की नाही ते लिहायचे. येथे ‘मिळाली नाही’ या नोंदीलाही ‘मिळाली’ इतकीच किंमत असते. समजा, लांडगा असलेल्या चौकोनात एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता दहात तीन आहे. मग चार फेऱ्या रिकाम्या जाण्याची शक्यता किती? सुमारे चोवीस टक्के. म्हणजे जवळजवळ चारांत एकदा असे होईल, की लांडगा तेथे आहे, आपण चार वेळा गेलो आहोत, आणि आपल्या वहीत काहीच नाही. ही उणीव हिशेबात धरून अंदाज दुरुस्त करण्याचे गणित २००२ च्या सुमारास रूढ झाले. पश्चिम महाराष्ट्राच्या विस्तीर्ण प्रदेशात लांडगा, तरस आणि बिबट्या यांचा असा अभ्यास झाला, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. आणि त्याचा आधार माहितगार माणसांना पद्धतशीरपणे विचारणे हा होता. हे तिन्ही प्राणी अभयारण्यांबाहेर, शेतीच्या आणि माळाच्या प्रदेशात दूरवर पसरलेले आहेत, हे त्यातून दिसले.

साहित्याच्या अध्यापकांना यात काही ओळखीचे वाटायला हवे. ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ यांतला भेद हा आपल्या विषयाचा रोजचा भेद आहे. एखाद्या शतकातील स्त्रियांचे लेखन हाती येत नाही, म्हणून स्त्रिया तेव्हा काही रचतच नव्हत्या, असे आज कोणी जबाबदार अभ्यासक म्हणणार नाही. तो विचारील : शोध कोणी घेतला, कोठे घेतला, कोणत्या दप्तरात घेतला? हा प्रश्न आपण ग्रंथांच्या बाबतीत विचारतो, माळाच्या बाबतीत विचारत नाही.

येथे दुसऱ्या बाजूच्या चुकीचाही उल्लेख केला पाहिजे, नाहीतर आम्ही शहरी प्राणिप्रेमाची तळी उचलतो असे वाटेल. ‘दिसला नाही म्हणजे नाही’ ही जशी चूक, तशी ‘जास्त दिसला म्हणजे वाढला’ हीही चूक. आज गावोगाव हातात कॅमेऱ्याचा फोन आहे. एकच बिबट्या एका आठवड्यात पाच गावांच्या समूहांवर फिरतो आणि पाच बिबटे होतो. त्याची भीती मात्र खोटी नसते. शिरूर-जुन्नरच्या बाजूला २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले गेली. त्या आईबापांपुढे आकडेशास्त्राचे प्रवचन करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण भीतीपोटी केलेला उपाय नोंदीवाचून केला, तर तो त्याच गावांवर उलटतो, हेही जुन्नरनेच दाखवले आहे. २००१ च्या सुमारास तेथे मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्यात आले. त्या काळात माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असे पुढील अभ्यासात आढळले. मोजणीची गरज बिबट्याइतकीच उसात पाणी धरणाऱ्या माणसालाही आहे.

आणि मेंढपाळालाही. लांडग्याने मेंढी मारली तर भरपाई मिळते, पण त्यासाठी कळवावे लागते, पंचनामा व्हावा लागतो, कागद लागतात. वाडा चार दिवसांनी हलणार असतो; पंचनाम्यासाठी थांबायचे तर बाकीच्या मेंढरांनी चरायचे कोठे? तो न कळवता पुढे जातो. त्याचे नुकसान नोंदले जात नाही. आणि त्या रात्री तेथे लांडगा होता ही नोंदही त्याच्याबरोबर जाते. माणूस आणि जनावर दोघे एकाच रकान्यातून गळतात. लांडगा कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. देशभरातील त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी असे अलीकडचे अंदाज आहेत, म्हणजे वाघांहून अधिक नाही. शिवाय भटक्या कुत्र्यांशी त्यांचा संकर होऊ लागला आहे; पुण्याच्या परिसरातील अशा संकराचा जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. उद्या ‘लांडगा’ कशाला म्हणायचे हाही प्रश्न उभा राहणार. मेंढपाळ तो आजही ओझरत्या चालीवरून सोडवू पाहतो. ती त्याची पारख आपल्या कोणत्या कोशात आहे?

आता आपल्या घराकडे वळू. मराठीत निसर्गलेखनाची उणीव नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात आयुष्य काढले आणि पक्ष्यांची, झाडांची नावे आदिवासींकडून, पारध्यांकडून वेचून मराठीत आणली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्यावरील मृत्युलेखांत ‘अरण्यऋषी’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला. ऋषी म्हटले की नमस्कार करून मोकळे होता येते; नोंदी करणारा, नावे पडताळणारा अभ्यासक म्हटले असते तर त्यांचे काम पुढे नेण्याची जबाबदारी आली असती. व्यंकटेश माडगूळकर माणदेशचे, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याचे. ‘सत्तांतर’मध्ये त्यांनी वानरांच्या टोळ्या पाहिल्या त्या निरीक्षकाच्या डोळ्याने. ‘बनगरवाडी’ आपण दुष्काळाची, धनगरांची, तरुण मास्तराची कादंबरी म्हणून शिकवतो. तिच्यातल्या माळाला पार्श्वभूमी म्हणतो, आणि परीक्षेत ‘वातावरणनिर्मिती’वर पाच गुणांची टीप विचारतो. गौरी देशपांडे फलटणजवळ विंचुर्णीला राहिल्या आणि ‘विंचुर्णीचे धडे’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. फलटणच्या परिसरात राहून शिकवणाऱ्या आम्हा लोकांनी तरी ते पुस्तक हातात घेऊन विद्यार्थ्यांसह विंचुर्णीला जायला हवे होते. आम्ही गेलो नाही. स्त्रीवादाच्या टिपणात त्याचे नाव घालून पुढे गेलो.

आपल्या विद्येत मोजणीची परंपरा नाही, हेही खरे नाही. मॅक्सीन बर्नसन यांनी १९७० च्या दशकात फलटणच्याच मराठीचा अभ्यास केला : समाजाच्या कोणत्या थरातला माणूस कोणते भाषिक रूप वापरतो, हे त्यांनी गावात राहून, ऐकून, नोंदवून तपासले. ‘फलटणचे लोक अशुद्ध बोलतात’ या ऐकीव वाक्याला असाच अभ्यास उत्तर देऊ शकतो. ‘फलटणचा माळ ओसाड आहे’ हे वाक्य त्याच जातीचे आहे.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की साहित्याचे काम अनुभवाचे. मोजणी करायला विज्ञानशाखा आहे. आमचे उत्तर असे, की माहितगाराला विचारण्यावर आधारलेली पद्धत ही भाषेवर आधारलेली पद्धत आहे. सर्वेक्षकाने ‘कोल्हा’ विचारला आणि ऐकणाऱ्याने खोकड समजून हो म्हटले, तर चौकोनातली नोंद चुकली. ही चूक टाळण्यासाठी गावागावातले शब्द माहीत हवेत, आणि ते काम प्राणिशास्त्राच्या विभागाकडून होणार नाही. दुसरा आक्षेप असा, की हौशी विद्यार्थ्यांच्या नोंदींना शास्त्रीय मोल नसते. एका नोंदीला नसते, हे मान्य. पण तारीख, ठिकाण, वेळ, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि काही दिसले नसेल तर ‘दिसले नाही’, एवढे प्रामाणिकपणे लिहिलेल्या दहा वर्षांच्या वह्या कोणत्याही अभ्यासकाला हव्याशा वाटतील. महाराष्ट्रातल्या मराठी विभागांकडे दरवर्षी नव्याने येणारे, आपापल्या गावची बोली बोलणारे विद्यार्थी आहेत. इतका विस्तृत निरीक्षकवर्ग कोणत्याही संशोधनसंस्थेजवळ नाही. त्यांच्याकडून आपण प्रकल्प म्हणून काय करून घेतो? एखाद्या कवीच्या कवितेतील निसर्गप्रतिमा.

या वर्षापासून आम्ही निबंधाचा विषय बदलत आहोत. नवा विषय असा : ‘माझ्या गावच्या माळावर मी एका महिन्यात चार वेळा गेलो/गेले, काय दिसले, काय दिसले नाही.’ ‘ओसाड’ हा शब्द वापरण्यास मनाई नाही. वापरणाऱ्याने चारही फेऱ्यांच्या तारखा खाली लिहाव्यात, एवढीच अट आहे. सोबत घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून माळावरच्या प्राण्यांची, गवतांची, जमिनीच्या प्रकारांची नावे आणायची आहेत. एकाच प्राण्याला दोन घरांत दोन नावे असतील तर दोन्ही. प्रयोग फसेल कदाचित. काही मुले घरी बसून चार तारखा लिहितील, हे आम्ही अध्यापक असल्यामुळे जाणतो. आमची पद्धत चुकीची वाटणाऱ्यांनी ती दुरुस्त करून आपापल्या महाविद्यालयात राबवावी. मात्र माळावर काही नाही, हे आम्हाला माळावर न जाता कोणी सांगू नये.